फौजदाराचा गजर

ताईचा फोन आला तेव्हा दातांचे डॉक्टर एका बाईंची दाढ भरत होते. एका हातात सिमेंट, दुसऱ्या हातात आरसा, म्हणून फोन त्यांच्या बायकोने उचलला आणि त्यांच्या कानाला लावून धरला. ताईचा आवाज पहिल्यापासून खणखणीत. फोन कानाला लावा नाहीतर टेबलावर ठेवा, साऱ्या दवाखान्याला तो सारखाच ऐकू जायचा.

"बाळ, मी परवा येतेय. चांगली आठवडाभर राहणार आहे."

डॉक्टरांची साठी उलटून गेली होती. गल्ली त्यांना डॉक्टर म्हणायची, बायको अहो म्हणायची, पण ताईच्या लेखी ते अजून बाळच होते. खुर्चीतल्या बाई उघड्या तोंडाने हसू लागल्या. डॉक्टरांनी त्यांना हलू नका म्हणून खूण केली.

"ये की. मी कधीपासून म्हणतोय," ते म्हणाले.

"आणि फौजदार कसा आहे?"

सिमेंट चमच्यावरच घट्ट होऊ लागले. "फौजदार ना? आहे की. मजेत आहे."

"मग मी आले की साडेपाचचा गजर लावून ठेव. एकदा त्या आवाजाने उठायचंय मला. आई गेल्यापासून ऐकलाच नाही."

फोन बंद झाला. तोंड मोकळे होताच बाईंनी विचारले, "फौजदार म्हणजे त्यांचे मिस्टर का?"

"घड्याळ आहे ते," डॉक्टरांची बायको म्हणाली. "आणि मजेत वगैरे काही नाहीये."

फौजदार म्हणजे एक किल्लीचे, गजराचे घड्याळ. तळहातावर मावेल एवढे, हिरव्या रंगाचे, तीन आखूड पायांवर उभे राहणारे. डोक्यावर दोन टोप्यांसारख्या घंटा आणि त्यांच्या मधोमध एक चिमुकला हातोडा. ताई आणि बाळ शाळेत होते तेव्हा ते स्वयंपाकघरातल्या फळीवर असायचे. वडील पहाटेच्या पाळीला कारखान्यात जायचे, त्यांच्यासाठी ते आधी वाजायचे. मग आई त्याला पुन्हा किल्ली देऊन मुलांच्या शाळेसाठी वाजवायची. वाजायला लागले की फळीवरच्या डब्यांची झाकणे थरथरायची आणि ते स्वतः तुरुतुरु चालत फळीच्या कडेपर्यंत यायचे. आई हातातले काम टाकून त्याला वरच्या वर झेलायची. वडील बुटाचे बंद बांधता बांधता म्हणायचे, "आला फौजदार. आता कोणाची सुटका नाही." तेच नाव पडले.

आई गेल्यावर दोघे बहीणभाऊ घर आवरायला बसले. कपाट, पलंग, शिलाईचे यंत्र, कशावरूनही शब्दाला शब्द लागला नाही. तू घे, नाही तूच घे, असेच चालले होते. पण फळीवरच्या घड्याळाकडे दोघांचे हात एकदमच गेले. तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, "ताई, यंत्राची निगा राखावी लागते. मला त्यातलं कळतं. तुझ्याकडे ते नुसतं पडून राहील." ताईने हात मागे घेतला. बोलली काहीच नाही. ती काही बोलली असती तर डॉक्टर एव्हाना विसरूनही गेले असते. ती बोलली नाही, हेच त्यांच्या मनात ठसठसत राहिले.

आणि ज्याची निगा राखायची होती तो फौजदार गेली कित्येक वर्षे पालथा झोपला होता. पायांवर उभा केला की चार वेळा टिकटिक करून गप्प व्हायचा. तोंडावर पालथा ठेवला की मात्र व्यवस्थित चालायचा. पण मग आकडे खाली आणि पाठ वर. किती वाजले ते बघायला उचलावे तर लगेच बंद. "वेळ सांगायची लाज वाटणारं घड्याळ मी पहिल्यांदाच बघितलं," असे डॉक्टरांची बायको म्हणायची. घंटाही फळीला टेकलेल्या, त्यामुळे गजराचा तर प्रश्नच नव्हता.

गल्लीच्या टोकाला घड्याळांचे एक दुकान होते. डॉक्टर त्याच संध्याकाळी तिथे गेले तर तिथे मोबाइलची कव्हरे टांगलेली होती. दुकानदाराने फौजदार हातात घेतला, कानाशी धरला, कौतुकाने परत दिला आणि म्हणाला, "आता आम्ही फक्त सेल बदलतो, डॉक्टर."

घरी आल्यावर डॉक्टरांनी जाहीर केले, "मीच उघडतो."

"अहो, नका ना. सांगून टाका ताईंना, बंद आहे म्हणून. त्या काय खाणार आहेत तुम्हाला?"

"तिने त्या वेळी हात मागे घेतला होता."

"म्हणून आता तुम्ही आत घालणार? तोंडात दात असतात बत्तीस. यात किती असतील त्याचा काही हिशोब?"

"तेच तर म्हणतोय," डॉक्टर म्हणाले. "आत सगळे दातेच आहेत. म्हणजे माझाच विषय झाला."

दुसऱ्या दिवशी दुपारी, दवाखाना बंद असताना, त्यांनी फौजदाराला पेशंटच्या खुर्चीत बसवले. घरात एवढा चांगला उजेड दुसरीकडे कुठेच नव्हता. खुर्ची मागे केली, दिवा खाली ओढला, घड्याळाखाली स्वच्छ रुमाल अंथरला. शेजारच्या ट्रेमध्ये चिमटे, अणकुचीदार सळ्या, लांब दांड्याचा आरसा, हवा मारायची पिचकारी. चाळीस वर्षांच्या सवयीने त्यांच्या तोंडून "दुखलं तर हात वर करा" हे वाक्य निघणार होते, ते त्यांनी गिळले.

पाठीमागच्या किल्ल्या उलट्या दिशेने फिरवल्यावर निघाल्या. हे कळायला बराच वेळ गेला, पण कळले तेव्हा त्यांना स्वतःचे मोठे कौतुक वाटले. पाठ उघडली आणि आतून एक वास आला. जुना, तेलकट, किंचित धुरकट. त्यांच्या आईच्या स्टोव्हचा वास. इतक्या वर्षांनी तो घड्याळाच्या पोटात जसाच्या तसा बसून होता. डॉक्टर चिमटा हातात धरून काही वेळ नुसतेच वाकून राहिले. पिचकारीने हवा मारायची होती, पण ती मारली तर तो वासही उडून जाईल असे त्यांना वाटले आणि त्यांचे बोट बटणावरून मागे आले.

तेवढ्यात दार ढकलून वकील आत आले. हे समोरच राहायचे. गाल टम्म सुजलेला, त्यावर त्यांची ती जाड, टोकांशी वर वळलेली मिशी एका बाजूने जास्तच वर गेलेली.

"डॉक्टर, मेलो. दाढ."

"बसा."

"कुठे बसू? खुर्चीत घड्याळ बसलंय."

"स्टुलावर बसा. आधी त्याचा नंबर आहे."

"मला आजची वेळ दिली होती तुम्ही."

"त्याची केस जुनी आहे."

जुनी केस म्हटल्यावर वकिलांचा नाइलाज झाला. ते स्टुलावर बसले. डॉक्टरांनी, नंतर खोळंबा नको म्हणून, त्यांच्या गळ्यात रुमालही बांधून ठेवला. थोडा वेळ वकील गाल धरून कण्हले. मग त्यांना राहवेना. स्टूल पुढे सरकवत सरकवत ते दिव्याच्या उजेडात आले.

"हे चाक कोणाचं?"

"वेळेचं."

"आणि ही गुंडाळलेली स्प्रिंग?"

"ही गजराची. गजर साडेपाचला लावून तिची किल्ली मी भरून ठेवलीय, मागाहून वाजवून बघायला."

"मग बिघाड कोण करतंय?"

डॉक्टरांनी आरसा आत घातला. चाकांच्या गर्दीत एक नखाएवढा तुकडा होता, दोन टोकांना हूक असलेला, झोपाळ्यासारखा इकडून तिकडे हलणारा. त्याच्या भोवती काळे किटण साचले होते. डॉक्टरांचे डोळे चमकले. अशी किटणे काढण्यात त्यांची हयात गेली होती. "हा बघा," ते म्हणाले. "हा बाहेर काढून घासल्याशिवाय काही खरं नाही."

"पण तोच सगळ्या चाकांना अडवून धरत असेल तर?" वकील म्हणाले. गाल सुजला असला तरी डोके शाबूत होते. "प्रत्येकाच्या मध्ये मध्ये पाय घालतोय तो. त्याला काही काम असणार."

"काम काय, लुडबुड करतोय नुसती," डॉक्टर म्हणाले. त्यांनी वरच्या पत्र्याचे स्क्रू थोडे थोडे सैल केले, चिमटा आत नेला, आणि दुधाचा दात काढावा इतक्या हळुवारपणे तो तुकडा बाहेर काढला.

वकिलांचे बरोबर होते. तो तुकडाच चाकांना आवरून एकेका दात्याने पुढे सोडत होता. तो निघताच सगळी चाके सुसाट सुटली. भिर्रर्र आवाज झाला आणि समोरचे काटे पळू लागले. मोठा काटा पंख्यासारखा, छोटा त्याच्या मागे लगबगीने. बघता बघता रात्र उलटून पहाट आली, आणि साडेपाच वाजता फौजदार खणाणला.

तो आवाज. डॉक्टरांच्या हातात चिमटा तसाच राहिला. दिवा, खुर्ची, औषधांचे कपाट, सगळे कुठल्या कुठे गेले. स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज, वडिलांच्या बुटांची खडखड, आणि पांघरुणाचे टोक ओढणारी ताई, दोन वेण्यांची, दात न घासलेली, "ऊठ रे, मास्तर मला बोलतात तुझ्यामुळे" असे म्हणणारी. घड्याळ थांबवायला हवे हे त्यांना कळत होते. पण हात उठेना. तोवर आणखी बारा तास निघून गेले, पुन्हा साडेपाच झाले आणि फौजदार पुन्हा खणाणला.

डॉक्टरांची बायको धावत आली. "काय झालं? कोण आलंय?"

"घड्याळ पळत सुटलंय," वकील म्हणाले. "डॉक्टर, बघा काहीतरी. माझ्या कोर्टाच्या तारखा निघून गेल्या असतील एव्हाना."

डॉक्टर भानावर आले आणि त्यांनी सैल झालेला पत्रा अंगठ्याने दाबला. दाबायला नको होता. एक बाजू दाबली तशी दुसरी उचलली गेली आणि गजराची स्प्रिंग, जी अजून अर्धीअधिक भरलेली होती, टुणकन उसळून बाहेर आली. तिच्याबरोबर बाकीच्यांनीही घर सोडले. एक चाक चूळ भरायच्या भांड्यात पडले. एक दिव्याच्या काचेवर आपटून हत्यारांच्या ट्रेमध्ये उतरले. हातोडा डॉक्टरांच्या खिशात गेला. मग सगळे शांत झाले.

डॉक्टरांची बायको म्हणाली, "मी केरसुणी आणते."

"केरसुणी नको," डॉक्टर क्षीण आवाजात म्हणाले. "चिमटा आण."

तिघांनी मिळून जमीन विंचरून काढली. सगळे सापडले, एक स्क्रू सोडून. तेव्हा वकिलांच्या लक्षात आले की स्प्रिंग उडाली त्या क्षणी आपले तोंड उघडे होते.

"डॉक्टर, मी गिळला तो."

"काहीतरीच काय."

"गार लागलं होतं काहीतरी. ओठाजवळ."

डॉक्टरांनी घड्याळ उचलून बाजूला ठेवले आणि वकिलांना खुर्चीत बसवून सगळे तोंड धुंडाळले. जिभेखाली पाहिले, गालात पाहिले, किडलेल्या दाढेच्या खळग्यातही पाहिले. स्क्रू नव्हता.

"नाही ना तोंडात? म्हणजे पोटात आहे," वकील म्हणाले. पुरावा त्यांना पटला होता.

"दाढेचं काय करू या?"

"दाढ राहू द्या हो. दाढ कधीच थांबली दुखायची. पोटात काहीतरी टोचतंय." ते रुमाल गळ्यात तसाच ठेवून दारापर्यंत गेले आणि वळून म्हणाले, "याची जबाबदारी कोणावर येते ते मी घरी जाऊन बघतो. तोवर केळी खाऊ का?"

"खा," डॉक्टर म्हणाले.

फौजदाराची जुळणी त्या दिवसभर आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत चालली. बायको बॅटरी धरून उभी. डॉक्टर एक चाक बसवायचे, ते बसले की दुसरे उठायचे. तेल हवे होते, ते घरात सापडेना, म्हणून दाढेवर लावायच्या लवंगेच्या तेलाचे चार थेंब घातले. अखेर सगळी मंडळी आत कोंबून पाठ लावली तेव्हा बाहेर काही तुकडे उरले. ते त्यांनी कापसाच्या डबीत ठेवले आणि घड्याळ पुसूनपासून फळीवर उभे केले. हिरवा रंग झळाळत होता. घंटा चकाकत होत्या.

"बघ, उभा राहतोय," डॉक्टर म्हणाले.

"उभा राहतोय," बायको म्हणाली. "चालत नाही एवढंच."

ताई दुपारी आली. चप्पल काढून ती सरळ स्वयंपाकघरात गेली, फळीसमोर उभी राहिली. मग तिने हात पुढे केला.

"हात नको लावूस," डॉक्टर घाईने म्हणाले. "नुकतंच तेल दिलंय. मुरायला हवं."

ताईने वाकून वास घेतला. "लवंगेचा वास येतोय याला. आणि टिकटिक कुठे गेली?"

"तेल दिल्यावर टिकटिक मऊ होते, ताई," डॉक्टरांची बायको म्हणाली. नवऱ्याच्या पराक्रमात ती अशी नकळत सामील झाली.

सामील झाली ती पुरतीच झाली. काटे पुढे सरकायला हवेत ना? डॉक्टर दोन पेशंटच्या मध्ये पाणी प्यायला म्हणून आत यायचे आणि काटा हळूच सरकवून जायचे. पण बायकोलाही काळजी, तीही सरकवायची. दोघांनी सरकवला की फौजदार पुढे जायचा. दोघेही विसरले की मागे पडायचा.

"बाळ, तुझ्या घड्याळात चहाची वेळ झाली. आपलं अजून जेवण व्हायचंय," ताई जेवायला बसता बसता म्हणाली. आणि संध्याकाळी, "आता चहा झाला तर हे जेवायला बसलंय."

"नवीन तेल," डॉक्टर म्हणाले. "रुळायला वेळ लागतो."

"रुळू दे. गजर तेवढा साडेपाचचा लाव."

ताई अंघोळीला गेल्यावर नवराबायकोची दवाखान्यात बैठक बसली. पातेले आणि डाव वाजवून पाहिले, तर शाळा सुटल्यासारखे वाटले. वाटी आणि चमचा फारच किरकिरा निघाला. शेवटी सिमेंट कालवायच्या दोन लहान स्टीलच्या वाट्या एका दोरीत अडकवून, दात काढायच्या पकडीचा दांडा त्यांच्या मधोमध भराभर हलवला, तेव्हा बायको म्हणाली, "हं. हे त्याच्या जवळपास जातंय."

पहाटे उशीखाली मोबाइल थरथरला. डॉक्टर उठले, अंधारात चाचपडत ताईच्या खोलीच्या दाराशी गेले, आणि मोबाइलच्या घड्याळात साडेपाच होताच त्यांनी वाट्या वाजवायला सुरुवात केली. खणखणखणखण. मनगट दुखेपर्यंत वाजवले. फौजदार शेवटी शेवटी दमायचा, तो दम त्यांनी बरोबर आणला. मग पाय न वाजवता ते परत अंथरुणात शिरले.

थोड्या वेळाने स्वयंपाकघरात ताई चहाचा कप घेऊन बसली होती. तिचे डोळे ओले दिसत होते.

"अगदी तस्सा," ती म्हणाली. "मला वाटलं, आई आता फळीजवळ धावतेय. रोज लावत जा हं, मी आहे तोवर."

डॉक्टरांना बरे वाटले आणि त्याहून जास्त वाईट वाटले. पण ती एवढी खूश झालेली पाहून खरे सांगायचे तोंड कुठले. ते रोज पहाटे वाजवत राहिले. दिवसा मात्र त्यांना झोप अनावर व्हायची. पेशंट आ करायचा आणि त्याला बघून डॉक्टरही आ करायचे. एकदा तर दोघांची तोंडे बराच वेळ समोरासमोर उघडी राहिली, आणि पेशंटला वाटले की डॉक्टर आपल्याला नमुना दाखवत आहेत.

ताईच्या मुक्कामाचे शेवटचे दोन दिवस राहिले होते. संध्याकाळी तिघे स्वयंपाकघरात बसले असताना वकील आले. गाल उतरलेला, चेहरा प्रसन्न, हातात घडी केलेला रुमाल.

"डॉक्टर, आरोपी सापडला."

डॉक्टर उठून त्यांना बाहेर घेऊन जाऊ लागले, पण वकील एकदा उभे राहिले की बोलणे पूर्ण केल्याशिवाय हलत नसत.

"इतके दिवस पोटात आहे म्हणून मी केळी खातोय. आणि आज मिशी विंचरताना फणीत काय अडकलं?" त्यांनी रुमाल उघडला. "हा बघा. तुमच्या घड्याळाचा स्क्रू. आता बसवा आणि करा एकदाचं चालू. त्या दिवशी आतडी बाहेर पडल्यासारखं झालं होतं हो त्याचं. ताई, तुम्ही बघायला हवं होतं. दिवसच्या दिवस आमच्या डोळ्यांदेखत निघून गेले."

ताईची मान डॉक्टरांकडे वळली. वकिलांना आपण काहीतरी जास्त बोललो हे कळले, पण काय, ते कळेना. डॉक्टरांची बायको भांडी नसलेल्या ओट्यावर भांडी शोधू लागली. डॉक्टर जमिनीकडे बघत राहिले.

"ताई, मी..." ते म्हणाले. "उभं राहत नव्हतं ते. म्हटलं, तू यायच्या आत..."

"बस खाली," ताई म्हणाली. "मला पहिल्याच दिवशी कळलं होतं."

"कसं?"

"फौजदार वाजता वाजता मध्येच नाक ओढायचा नाही. आणि वाजून झाल्यावर चप्पल फरफटत आपल्या खोलीत जायचा नाही."

"पाय न वाजवता गेलो होतो मी."

"तुला तसं वाटलं."

वकील खुर्ची ओढून बसले. हे प्रकरण त्यांना नवीन होते. डॉक्टरांची बायको ओट्यापाशीच थांबली.

"मग बोलली का नाहीस?" डॉक्टरांनी विचारले. "रोज पहाटे उठतोय मी. मनगट सुजलंय माझं."

ताईने कप खाली ठेवला. "बोलले असते तर तू थांबला असतास," ती म्हणाली. "घरात मी एकटीच असते, बाळ. किती वर्षं झाली, मोबाइल वाजतो, मी बंद करते, उठते. कोणी दाराशी येऊन मला उठवतंय, असं कधीपासून झालं नव्हतं. मी रोज पाचलाच जागी होते. पडून वाट बघायचे, कधी येतोस त्याची."

डॉक्टरांना कधीचे सांगायचे होते ते अखेर तोंडून निघाले. "ताई, तेव्हा ते तुलाच द्यायला हवं होतं मी. तुझ्याकडे नीट राहिलं असतं."

"राहिलं असतं," ताई म्हणाली. "मी कशाला उघडायला जातेय. आणि मग मला काय मिळालं असतं? घड्याळ."

वकिलांनी घसा साफ केला. "मग या स्क्रूचं काय करायचं?"

ताईने तो बोटात धरून उजेडात पाहिला, कापसाच्या डबीत टाकला आणि डबीचे झाकण लावले. "फौजदाराला आता पेन्शनीत राहू दे," ती म्हणाली.

त्या रात्री डॉक्टर इतके निश्चिंत झोपले की मोबाइल उशीखाली थरथरून थरथरून थकला तरी त्यांना पत्ता नव्हता. जाग आली ती वाट्यांच्या खणखणाटाने. खणखणखणखण, न थांबता, न दमता, दाराच्या अगदी जवळ. डोळे उघडवेनात. खोलीत अजून अंधार होता आणि त्या अंधारात आपण कुठे आहोत, केवढे आहोत, याचा त्यांना काही अंदाज लागेना. त्यांनी पांघरूण डोक्यावर ओढले.

"झोपू दे ना गं," ते पुटपुटले. "पहिला तास खेळाचा आहे."

वाट्या थांबल्या. मग ताईचा खणखणीत आवाज आला, साऱ्या घराला ऐकू जाईल असा.

"झोप. बंबात गरम पाणी एकापुरतंच आहे. मी चालले."

त्या घरात बंब नव्हता. भिंतीवर गिझर होता आणि त्यातले पाणी गल्लीला पुरून उरले असते. पण हे डॉक्टरांना नंतर आठवले. आधी पांघरूण एका बाजूला उडाले, चष्मा दुसऱ्या बाजूला, आणि साठी उलटलेले दातांचे डॉक्टर अनवाणी, टॉवेल खांद्यावर टाकत, "ताई, काल पण तूच पहिली गेली होतीस" असे ओरडत पळत सुटले. त्यांची बायको उठून बसली तोवर ते न्हाणीघराच्या दाराशी पोचले होते. उशीर झाला होता. आतून कडी लागली होती आणि बादलीत पाणी पडल्याचा आवाज येत होता.